लग्नाचा दाखला: कागद कोणत्या कायद्याचा?

लग्न झालेल्या बहुतेक घरांत ‘लग्नाचा दाखला’ म्हणून जपून ठेवलेला एक कागद सापडतो. कुठे तो ग्रामपंचायतीचा असतो, कुठे महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसचा, कुठे विशेष विवाह कायद्याखालच्या विवाह अधिकाऱ्याचा, कुठे आर्य समाजाच्या मंदिराचा, कुठे चर्चचा. कुणाकडे काझींनी भरून दिलेला निकाहनामा असतो, तर कुणाकडे स्टॅम्पपेपरवर नोटरीचा गोल शिक्का मारलेले ‘विवाह करारपत्र’. घरच्यांच्या लेखी हे सगळे सारखेच. कायद्याच्या लेखी मात्र यातला एक कागद निर्णायक पुरावा असतो, दुसरा चांगला पुरावा असतो, तिसरा पुरावा गोळा करायला उपयोगी पडतो, आणि नोटरीच्या कागदाला लग्नापुरती काहीच किंमत नसते. एरवी या फरकाने कुणाचे अडत नाही. अडते ते व्हिसाच्या खिडकीशी, कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जावर, किंवा नवरा कोर्टात उभा राहून ‘हिच्याशी माझे लग्नच झालेले नाही’ असे सांगतो तेव्हा.

दाखला हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो एवढाच: या कागदाने लग्न लागले, की लागलेल्या लग्नाची या कागदाने नोंद घेतली? आपल्याकडचे बहुतेक दाखले दुसऱ्या प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारचे फार थोडे. आणि जवळजवळ सगळा घोळ दुसऱ्या प्रकारच्या कागदाला पहिल्या प्रकारचा समजण्यातून होतो.

हिंदू विवाह कायदा 1955 चा. तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो. अनुसूचित जमातींना मात्र केंद्राने खास अधिसूचना काढल्याशिवाय लागू होत नाही. तिथे जमातीची रूढीच चालते. या कायद्याचे कलम 7 सांगते की लग्न वधू किंवा वर यांपैकी कुणाच्याही रूढीप्रमाणे, विधिपूर्वक लागले पाहिजे. त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच लग्न पूर्ण होते. ‘असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. सप्तपदीवाचून हिंदू लग्न होतच नाही असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्रात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर लागणाऱ्या बौद्ध लग्नांत अग्नी नसतो, फेरे नसतात, आणि ती लग्ने याच कायद्याखाली येतात. ज्यांच्यात जी रूढी, ती पाळली गेली का, एवढेच पाहायचे असते.

नोंदणीचा विषय त्यानंतरच्या कलम 8 मध्ये येतो. नोंदणी कशी करायची ते राज्यांनी ठरवावे, ती सक्तीची करायची तर सक्तीची करावी, न करणाऱ्याला दंड करावा; पण नोंद नाही म्हणून लग्न अवैध ठरणार नाही, असे ते कलम स्पष्ट सांगते. म्हणजे हिंदू विवाहात लग्न लागते मांडवात. कचेरीत त्याची नुसती नोंद होते.

याचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली निकाली काढलेला लोखंडे खटला महाराष्ट्रातलाच. पहिली बायको हयात असताना नवऱ्याने ‘गांधर्व’ पद्धतीने दुसरे लग्न केले, म्हणून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला होता. न्यायालयाने पाहिले तर दुसऱ्या लग्नात होम झालेला नव्हता, सप्तपदी झालेली नव्हती, आणि त्या समाजात हे विधी लागत नाहीत अशी रूढीही कुणी सिद्ध केली नव्हती. मग दुसरे लग्न कायद्याने लागलेच नाही, आणि लग्नच नाही तर द्विभार्येचा गुन्हा कुठला? आरोपी सुटला. कायद्याचा तर्क अचूक आहे, हे मान्य. पण त्या तर्काचा भुर्दंड नेहमी बाईलाच बसत आला आहे: पहिलीला शिक्षा मिळवून देता येत नाही आणि दुसरी बायको ठरत नाही.

दुसरी बाजू सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या एप्रिलमधल्या निकालात दिसली. दोघे वैमानिक होते. साखरपुडा झालेला, लग्नसमारंभ पुढे व्हायचा होता. मधल्या काळात एका संस्थेकडून विवाह झाल्याचे प्रमाणपत्र घेतले आणि त्याच्या आधारे उत्तर प्रदेशात सरकारी नोंदणीही करून टाकली. पुढे बिनसले. विधी झालेच नव्हते हे दोघांनीही मान्य केले. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने संस्थेचे प्रमाणपत्र आणि सरकारी दाखला दोन्ही रद्दबातल ठरवले आणि हे दोघे कधी पतिपत्नी नव्हतेच असे जाहीर केले. सरकारी शिक्का होता, सही होती, अनुक्रमांक होता, फक्त लग्न नव्हते.

पुण्या-मुंबईतल्या आयटीवाल्या घरांना हा निकाल वाचून घाम फुटायला हरकत नाही. मुलगा अमेरिकेत, सुट्टी दोन आठवड्यांची, मुहूर्त डिसेंबरचा आणि सुनेचा एच-4 व्हिसा तोवर हातात हवा. म्हणून ‘आधी रजिस्टर करून घेऊ, मग लग्न लावू’ हा उद्योग सर्रास चालतो. त्यासाठी कुणी भटजी सही द्यायला तयार होतात, कुणी देवळात हार घालून फोटो काढतात. हा दाखला कोर्टात टिकेलच याची खात्री नाही. समारंभाआधी कायदेशीर लग्न करायचेच असेल तर त्याला राजमार्ग आहे. तो विशेष विवाह कायद्याचा. त्याकडे पुढे येऊ.

आधी आपल्या राज्याचा कायदा. जुन्या मुंबई राज्याने 1953 सालीच विवाह नोंदणीचा कायदा केला होता. त्याची जागा ‘महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, 1998’ याने घेतली. लग्न जुळवणाऱ्या मंडळांचे नियमन आणि लग्नांची नोंदणी असे दोन विषय त्याने एकाच दावणीला बांधले आहेत. आज महाराष्ट्रात लोकांच्या हातात जो नेहमीचा दाखला पडतो तो या कायद्याखालचा असतो. तो कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही पद्धतीने लागलेल्या लग्नाला मिळतो. गावात ग्रामसेवक हाच विवाह निबंधक असतो. शहरात नगरपालिका किंवा महापालिकेचा अधिकारी. लग्नापासून 90 दिवसांच्या आत नमुना ‘ड’ हे ज्ञापन भरून वधू, वर आणि तीन साक्षीदारांनी निबंधकासमोर जायचे. सोबत दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, आणि लग्न लावणाऱ्या भटजींची, भन्तेजींची किंवा काझींची सही. 90 दिवस उलटून गेले तरी नोंद होते, फक्त विलंब शुल्क भरावे लागते.

हा कायदा होता म्हणूनच 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘सीमा विरुद्ध अश्विनीकुमार’ या प्रकरणात देशभर विवाह नोंदणी सक्तीची करा असा आदेश दिला, तेव्हा आधीपासून सक्ती असलेल्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव होते. त्या निकालातले एक विधान सहसा कुणी उद्धृत करत नाही. नोंदणी हा एकटा वैध लग्नाचा पुरावा नव्हे, असे न्यायालय म्हणते; मात्र मुलांचा ताबा, त्यांचे हक्क, वधूवरांचे वय अशा वादांत तिचे पुराव्याचे मोल मोठे आहे. दाखल्याकडून नेमकी किती अपेक्षा ठेवायची ते या विधानावरून ठरते. दाखला असेल तर लग्न झाले असे धरून चालतात, आणि ‘झालेच नाही’ म्हणणाऱ्याला ते सिद्ध करावे लागते. हे ओझे कुणाच्या डोक्यावर आहे ते ठरलेले असले की कोर्टातली कितीतरी वर्षे वाचतात.

जे लग्न मुळात होऊच शकत नाही, ते मात्र नोंदणीनेही होत नाही. पहिली बायको हयात आहे, घटस्फोट झालेला नाही, अशा हिंदू पुरुषाने दुसरे लग्न करून त्याचा रीतसर दाखला मिळवला, तरी ते लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम 11 प्रमाणे शून्यच. वर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंतची, आणि आधीचे लग्न लपवले असेल तर दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. अशा संबंधातल्या मुलांना कायदा औरस मानतो आणि आईबापांच्या मालमत्तेत वाटा देतो. दुसऱ्या ‘पत्नी’ला तो विधवेचे निवृत्तिवेतन देत नाही. सरकारी नोकर वारल्यावर खिडकीशी दोन बायका दोन दाखले घेऊन उभ्या राहतात, तेव्हा कुठला दाखला अधिक ठळक छापलेला आहे याला अर्थ नसतो. कुठले लग्न आधीचे आणि ते संपले होते का, हेच पाहतात.

धर्मसंस्थांचे दाखले या चित्रात नेमके कुठे बसतात? आर्य समाजी लग्नांना 1937 च्या एका स्वतंत्र कायद्याने वैधता दिली, त्यामुळे तिथे विधी झाले असतील तर लग्न खरेच लागते. पण मंदिराने दिलेला कागद म्हणजे लग्न लावणाऱ्याचे लेखी निवेदन, सरकारी नोंद नव्हे. लग्नाचे दाखले देणे हे आर्य समाजाचे काम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सुनावलेही होते. आळंदीत एका दिवसात लागणाऱ्या लग्नांचेही हेच. घरच्यांचा विरोध झुगारून तिथे जाणारी जोडपी संस्थेचा रंगीत दाखला घेऊन परततात आणि पुढची नोंदणी लांबणीवर टाकतात. पोलिसांत तक्रार झाली की तो कागद ‘आम्ही सज्ञान आहोत आणि मर्जीने लग्न केले’ हे सांगायला पुरतो. बँकेला किंवा वकिलातीला तो पुरत नाही. संस्थेच्या कागदाचा खरा उपयोग नमुना ‘ड’ सोबत जोडण्यापुरता.

मुस्लिम विवाह हा मूळचाच करार असल्यामुळे निकाहनाम्याचे वजन अधिक. त्यात मेहरची रक्कम, ती रोख दिली की बाकी ठेवली, साक्षीदार, वकील यांची नोंद असते, आणि मेहरच्या दाव्यात हाच कागद मुख्य असतो. पण परदेशी कचेऱ्या सरकारी नोंद मागतात, म्हणून 1998 च्या कायद्याखालीही नोंद करावी लागते. यावरून ठाण्यात एक चमत्कारिक प्रसंग उभा राहिला. या कायद्याखाली एकाच विवाहाची नोंद होऊ शकते, असे सांगून महापालिकेने एका मुस्लिम पुरुषाच्या तिसऱ्या लग्नाची नोंद नाकारली. 2024 च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती भूमिका फेटाळली: ज्याच्या व्यक्तिगत कायद्यात एकाहून अधिक लग्ने चालतात त्याच्या नोंदणीला हा अधिनियम आडकाठी करत नाही. बहुपत्नीत्वाबद्दल कुणाचे काहीही मत असो, निबंधकाचे काम नोंद घेण्याचे आहे, कायदा घडवण्याचे नाही, हा धडा या निकालातून कचेऱ्यांनी घ्यायला हवा.

ख्रिस्ती लग्ने 1872 च्या कायद्याखाली येतात आणि चर्चच्या नोंदवहीतला प्रमाणित उतारा पुरावा म्हणून चालतो. पारशांच्या 1936 च्या कायद्यात आशीर्वाद विधी झाल्या झाल्या दस्तुरांनी दाखला लिहून, वधूवर आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, तो लगेच निबंधकाकडे धाडायचा असतो. सोबत फी दोन रुपये, आणि ती नवऱ्यानेच भरायची, असेही कायदा आवर्जून सांगतो.

आता ज्या कागदाने लग्न लागते त्याकडे येऊ. विशेष विवाह कायदा 1954 चा. त्याच्या पूर्वजाचा, म्हणजे 1872 च्या कायद्याचा, लाभ घ्यायचा तर वधूवरांना ‘आम्ही कुठल्याही धर्माचे नाही’ असे लिहून द्यावे लागे. 1923 च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना यातून सूट दिली. 1954 च्या कायद्याने धर्माचा प्रश्नच काढून टाकला. दोघे एकाच धर्माचे असोत, वेगवेगळ्या असोत, की काहीच न मानणारे असोत, लग्न होते. जुना कायदा असतानाच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी केलेला विवाह नोंदणी पद्धतीचाच होता.

पद्धत अशी. दोघांपैकी एकाने तरी ज्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य केले आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याला लेखी नोटीस द्यायची. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे आणि नोटीस आता ऑनलाइनही देता येते. ती नोटीस कचेरीत दर्शनी जागी लावतात. 30 दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतो. पण हरकतीची कारणे कायद्याने ठरवून दिली आहेत: आधीचा जोडीदार हयात असणे, वय कमी असणे, निषिद्ध नाते, मानसिक असमर्थता. जात, धर्म, ‘आम्हाला विचारले नाही’ ही कारणे त्यात नाहीत. हरकत आलीच तर अधिकाऱ्याने 30 दिवसांत चौकशी संपवायची असते. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर नवी नोटीस द्यावी लागते.

या नोटिशीनेच अनेकांचा घात केला आहे. नोटीस दिलेल्या जिल्ह्याबाहेर कुणाचा कायमचा पत्ता असेल तर तिची प्रत त्या जिल्ह्यातही जाते आणि तिथल्या फळ्यावर लागते. म्हणजे पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीच्या लग्नाची बातमी तिच्या मूळ जिल्ह्याला सरकारी खर्चाने पोहोचते. मंडपातल्या लग्नाला असली नोटीस लागत नाही; घरच्यांपासून धोका असलेल्या जोडप्यालाच ती लावायची, हा या कायद्यातला मोठा दोष आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2021 मध्ये नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोडले. महाराष्ट्रात नोटीस अजून लागतेच.

महिना उलटल्यावर दोघे आणि तीन साक्षीदार अधिकाऱ्यासमोर जातात. विधी हवा तो करा, नको असेल तर करू नका. पण ‘मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो’, ‘मी तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते’ हे शब्द दोघांना समजेल अशा भाषेत उच्चारलेच पाहिजेत. मग विवाह प्रमाणपत्राच्या वहीत सह्या होतात. ती नोंद या कायद्याखाली लग्न झाल्याचा निर्णायक पुरावा आहे, असे कलम 13 म्हणते. इथे भटजींनी मंत्र म्हटले का, अग्नी होता का, फेरे चार की सात, हे प्रश्नच उद्भवत नाहीत. लोखंडे खटल्यातली पळवाट इथे बंद आहे.

याच कायद्याचे कलम 15 कमी लोकांना ठाऊक आहे. आधी दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने लग्न झालेले जोडपे त्याखाली अर्ज करून आपले लग्न या कायद्याखाली आणू शकते. अट अशी की नोंदणीच्या वेळी दोघांचेही वय 21 पूर्ण हवे, मुलीचेसुद्धा. इथेही 30 दिवसांची जाहीर सूचना असते. सत्यशोधक पद्धतीने किंवा स्वतः रचलेल्या शपथा घेऊन लग्न करणाऱ्यांनी या कलमाचा विचार जरूर करावा. तमिळनाडूने स्वाभिमान विवाहांसाठी हिंदू विवाह कायद्यात स्वतंत्र कलम घालून घेतले. महात्मा फुल्यांच्या महाराष्ट्राने सत्यशोधक विवाहांसाठी तसे काही केलेले नाही.

या मार्गाने गेले की वारसाहक्कही बदलू शकतो. दोघेही हिंदू असतील तर 1976 च्या दुरुस्तीमुळे हिंदू वारसा कायदाच लागू राहतो, काही बदलत नाही. पण हिंदू व्यक्तीने अन्य धर्मीयाशी या कायद्याखाली लग्न केले तर तिचा एकत्र कुटुंबाशी संबंध तुटल्याचे मानले जाते आणि वारसा 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. मुस्लिम दांपत्यालाही हाच कायदा लागू होतो. केरळच्या कासरगोड जिल्ह्यातल्या एका वकील-अभिनेत्याने 2023 च्या महिला दिनी आपल्याच बायकोशी या कायद्याखाली पुन्हा लग्न केले, ते याचसाठी: तीन मुलीच आहेत, आणि आपल्यामागे सगळी मालमत्ता त्यांनाच मिळावी.

गोव्यात ही सगळी मांडणीच वेगळी. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तरी 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि 1910 चा विवाहाचा कायदा चालू राहिला. तिथे लग्न हा सर्वधर्मीयांसाठी नागरी करार आहे. दोघांनी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन आधी इरादा नोंदवायचा; लोक त्याला ‘पहिली सही’ म्हणतात. हरकतींची मुदत संपली की ‘दुसरी सही’. कॅथलिकांना चर्चमध्ये लग्न करायचे तर रजिस्ट्रारचे ना-हरकत पत्र न्यावे लागते आणि चर्चमधल्या विवाहाची नोंद नंतर सरकारी वहीत उतरते. हिंदूंच्या लग्नात मांडवातले विधी घरचे. कायद्याचे लग्न दुसऱ्या सहीने झालेले असते. सह्या आणि समारंभ यांत काही महिन्यांचे अंतर पडते आणि मधेच बिनसते, तेव्हा ‘आमचे लग्न कुठे झाले होते?’ म्हणून चालत नाही. कोर्टातून सुटका करून घ्यावी लागते. उत्तर प्रदेशातल्या त्या वैमानिकांच्या बरोबर उलट!

या नोंदीबरोबर मालमत्तेचा प्रश्नही सुटलेला असतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात नवराबायकोची मालमत्ता समाईक होते, अर्धी अर्धी. म्हणून जमीन किंवा फ्लॅट विकताना जोडीदाराची सही लागते आणि खरेदीदाराचा वकील लग्नाचा दाखला मागतोच. मूळच्या गोमंतकीयाचा मुंबईतला फ्लॅटही गोव्याच्याच वारसा नियमांनी वाटला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवले आहे. सावंतवाडी किंवा बेळगावच्या घरात गोव्याची सून किंवा जावई आला तर ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

परदेशात लग्न करणाऱ्यांसाठी 1969 चा परदेशी विवाह कायदा आहे. दोघांपैकी एक जरी भारतीय नागरिक असेल तरी भारतीय वकिलातीत लग्न करता येते, किंवा त्या देशाच्या कायद्याने झालेल्या लग्नाची तिथे नोंद करता येते. उलट दिशेने, इथला दाखला बाहेर न्यायचा तर त्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे प्रमाणीकरण, लागते. हेग कराराची ही सोय भारतात 2005 पासून आहे. राज्य पातळीवरची पडताळणी झाल्यावर परराष्ट्र मंत्रालय ते देते. करारात नसलेल्या देशांसाठी त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का घ्यावा लागतो. दाखला केवळ मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते.

दाखला लागतो कुठे, याची यादी लोकांना वाटते त्याहून थोडी वेगळी आहे. पासपोर्टसाठी तो लागतोच हा समज अजून टिकून आहे. परराष्ट्र मंत्रालयाने ही अट डिसेंबर 2016 मध्येच काढून टाकली. लग्नानंतर आडनाव बदलणे बाईवर बंधनकारक नाही. बदलायचे असल्यास आधारसाठी दाखला चालतो, पण आपल्याकडच्या प्रथेप्रमाणे पहिले नावही बदलले असेल तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना पतीपत्नी एकत्रीकरणाच्या बदलीसाठी, आंतरजातीय विवाहाच्या 50,000 रुपयांच्या प्रोत्साहन अनुदानासाठी समाजकल्याण विभागाकडे, नोकरीच्या ठिकाणी जोडीदाराचे नाव आरोग्य विम्यात घालताना तो मागतात. घटस्फोटाच्या अर्जाला तो जोडावा लागतो. पण त्याची खरी गरज पडते जोडीदार गेल्यावर: कुटुंब निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, वारस दाखला, सातबाऱ्यावरची वारस नोंद. तेव्हा तो शोधणारी व्यक्ती एकटी असते आणि मन थाऱ्यावर नसते.

दाखला नाही म्हणून बाईचे सगळे हक्क बुडतात असे मात्र नाही, आणि हे घरातल्या पुरुषांनीही ऐकलेले बरे. पोटगीच्या अर्जात, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, न्यायालये लग्नाचा कडक पुरावा मागत नाहीत. घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात तर विवाहसदृश नातेसुद्धा धरले आहे. वर्षानुवर्षे पतीपत्नी म्हणून राहिलेल्यांचे लग्न झाले आहे असे न्यायालय गृहीत धरते. 1978 च्या एका निकालात सुमारे 50 वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याला लग्नाचा पुरावा मागणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने दारातूनच परत पाठवले. समलिंगी जोडप्यांना मात्र यातला कुठलाच दाखला मिळत नाही. ऑक्टोबर 2023 च्या निकालाने तो विषय संसदेकडे ढकलला.

नोटरीच्या करारपत्राबद्दल शेवटचे: नोटरीला लग्न लावण्याचा किंवा नोंदवण्याचा अधिकार नाही, आणि केंद्र सरकारच्या विधी विभागाने 2024 मध्ये नोटरींना तशी ताकीदही दिली. ‘कोर्ट मॅरेज करून देतो’ असे सांगून तासाभरात स्टॅम्पपेपर हातात ठेवणारा माणूस कोर्टाच्या आवारात बसत असला तरी ते कोर्ट मॅरेज नव्हे. कारण साधे आहे. विशेष विवाह कायद्याचे लग्न 30 दिवसांच्या आत होऊच शकत नाही.

तेव्हा एवढे करा. घरातला दाखला काढून वरचे कायद्याचे नाव वाचा. 1954, 1998 की नुसतेच संस्थेचे नाव, ते पाहा. दोघांची नावे शाळा सोडल्याच्या दाखल्याशी आणि आधारशी जुळतात का ते तपासा. वधूचे लग्नाआधीचे नाव चुकीचे पडले असेल तर दोघेही धडधाकट असताना दुरुस्त करून घ्या. आणि समारंभाआधी विशेष विवाह कायद्याने लग्न केले असेल तर नंतरच्या मांडवाच्या तारखेने वॉर्ड ऑफिसात दुसरी नोंद करू नका. दोन तारखांचे दोन दाखले वकिलातीत एकापेक्षा जास्त प्रश्न उभे करतात.

ज्यांची लग्ने तीस-चाळीस वर्षांपूर्वी झाली आणि ज्यांच्याकडे पत्रिका आणि अल्बम यांपलीकडे काही नाही, त्यांनी लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार हिंडते-फिरते आहेत तोवर ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात जाऊन यावे. उशिरा नोंदणी करायला विलंब शुल्क पडते, बंदी नाही.